खाडीकाठची चित्रे

प्रश्न : मी ठाण्यात राहतो आणि रविवारी खाडीकाठी बसून जलरंगात चित्रे काढतो. समोर चिखल, तिवरे, विजेचे मनोरे आणि अडकलेला कचरा. मित्र म्हणतात, सह्याद्री रंगव. अशा जागेच्या चित्राचा पर्यावरणाला काही उपयोग आहे का?

उत्तर : चित्राने खाडी स्वच्छ होत नाही, हे आधी मान्य करू. मात्र जागा साधी आहे म्हणून चित्र कमअस्सल ठरत नाही. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे १८२१ सालचे गाजलेले ‘द हे वेन’ हे चित्र त्याच्या वडिलांच्या गिरणीजवळच्या, त्याला लहानपणापासून ठाऊक असलेल्या नदीकाठाचे आहे. त्याच सुमारास लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास करताना तो अनेकदा कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. ही सवय तुम्ही जरूर उचला, आणि भरती होती की ओहोटी, तेही लिहा. एकाच जागेची दहा वर्षांची अशी चित्रे म्हणजे त्या काठाची नोंदवहीच होते.

ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, म्हणून केवळ तिथले रोहित पक्षीच (फ्लेमिंगो) रंगवावेत असे नाही. चिखलातून वर आलेल्या तिवराच्या श्वसनमुळांना गुंडाळलेली पिशवी चित्रातून गाळण्याचा मोह होतो (मलाही होतो), पण ती राहू द्यावी, कारण डोळ्यांना खरोखर दिसले ते तेच. आणि एक : कॅडमियम, कोबाल्टयुक्त रंगांचे कुंचले धुतलेले पाणी तिथेच ओतू नका, बाटलीत भरून घरी आणा.