हाफ-लाइफ कधीच खेळलेलो नाही. मूळ गेम खेळू की ब्लॅक मेसा?

थेट ब्लॅक मेसा, म्हणजे हाफ-लाइफची नव्याने बनवलेली आवृत्ती, घ्या. १९९८चा मूळ गेम आजही मस्त आहे, पण त्याचा झेन या परग्रही जगातला शेवटचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. क्रोबार कलेक्टिव्ह या चाहत्यांच्या चमूने तो पार नव्याने बांधला आणि २०२० साली पूर्ण गेम आणला. आता झेनमध्ये उजळणारी झाडं, दलदल आणि आधी पोचलेल्या शास्त्रज्ञांचा उजाड तळ दिसतो. गोनार्क ही अजस्र राक्षसीण तर गुहांमधून अक्षरशः पाठलाग करते, तो भाग चुकवू नकाच! ‘ऑन अ रेल’ या प्रकरणातली रखडपट्टी कापलीय, हे फार बरं झालं. ‘इंटरलोपर’ हे झेनमधलं प्रकरण मात्र उगाच लांबवलंय. सैनिकांचा नेम चांगलाच पक्का आहे, त्यामुळे वरचेवर सेव्ह करत जा.