प्रवासाआधी : परिषदेला पहिल्यांदाच परदेशी निघताना

प्रश्न : मी कराड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. कोयना परिसरातल्या भूकंपांवरचा माझा गोषवारा युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या व्हिएन्नातल्या वार्षिक परिषदेत पोस्टर म्हणून स्वीकारला गेला आहे. याआधी कधीच परदेशी गेलेले नाही. एकटी जाणार आहे, शाकाहारी आहे. घरचे म्हणतात, व्हिसा काय, पंधरा-वीस दिवसांत होतो. सुरुवात कुठून करू? — स. पा., कराड

आधी मनापासून अभिनंदन. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही साताऱ्यात राहायचो. आईनं आम्हा तिघा भावंडांना झोपेतून ओढत अंगणात आणलं होतं आणि उजाडेपर्यंत आम्ही गोधड्या गुंडाळून तिथंच बसलो होतो. पुढे मी भूशास्त्राकडे वळले त्याचं मूळ त्या पहाटेत आहे. त्याच कोयनेवरचं काम घेऊन कराडची एक शिक्षिका जगभरच्या संशोधकांपुढे उभी राहणार, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. म्हणून उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

व्हिसाच्या बाबतीत घरच्यांचं ऐकू नका. ऑस्ट्रिया शेंगेन देशांपैकी एक, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत येतो हे खरं, पण तपासणी लांबली तर त्यांना पंचेचाळीस दिवसांची मुभा आहे. शिवाय अर्ज देण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते, आणि ही परिषद येते एप्रिल-मेमध्ये, नेमकं अर्धा महाराष्ट्र उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपला निघतो तेव्हा. तुमचा गोषवारा स्वीकारला गेला आहे ना, मग याच आठवड्यात नोंदणीचे पैसे भरा, परिषदेकडून निमंत्रणपत्र मागवा आणि वेळ घ्या. पहिलीच खेप असल्यानं बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागेल. ते ठसे पुढे ५९ महिने चालतात. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत लागू असलेला घ्या.

या सगळ्यात लोक हयगय करतात ती महाविद्यालयाच्या पत्रात. ‘आमची हरकत नाही’ अशा दोन ओळींनी भागत नाही. तुमचं पद, किती वर्षं नोकरीत आहात, पगार, मंजूर रजेच्या तारखा, खर्च कोण करणार आणि कोणत्या तारखेला पुन्हा कामावर रुजू होणार, हे सगळं लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. माझ्या पहिल्या वेळी पत्रातल्या रजेच्या तारखा आणि विमानाच्या बुकिंगच्या तारखा दोन दिवसांनी चुकल्या होत्या. खिडकीवरूनच परत यावं लागलं आणि नवी वेळ मिळेपर्यंत बारा दिवस गेले. ते बारा दिवस मला धड झोप नव्हती. म्हणून सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा आणि फक्त तारखा वाचत जा: पत्र, निमंत्रण, हॉटेल, विमान, विमा. पाचही ठिकाणी तारखांचा मेळ बसला पाहिजे.

बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि पगाराच्या स्लिपा तर लागतातच. व्हिसासाठी म्हणून आयत्या वेळी कुणाकडून लाखभर रुपये खात्यात भरून घेऊ नका. तपासणाऱ्याच्या नजरेत ते चटकन येतं.

आता व्हिएन्ना. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकवरून जाणार असाल तर शेंगेनचा दरवाजा तिथंच उघडतो, म्हणजे पासपोर्ट तपासणी तिथं होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे रांग हळू सरकते. मधे तासाभराचाच अवकाश असेल असं तिकीट घेऊ नका. निमंत्रणपत्र, हॉटेलचा पत्ता, विम्याचा कागद आणि परतीचं तिकीट छापून पर्समध्ये ठेवा. अधिकारी विचारतो तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली असते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. इंग्रजीची धास्ती नको. ‘कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार’ एवढंच विचारतात.

व्हिएन्नाच्या विमानतळावर शहरात जाणाऱ्या एका झगमगीत गाडीच्या पाट्या सगळीकडे दिसतील. ती थेट जाते पण महाग आहे. तुम्ही एस-७ ही साधी लोकल पकडा. वीन मिट्टच्या पुढे प्राटरश्टेर्न नावाचं स्टेशन लागतं, तिथं उतरा. तिथून यू-१ ही लाल रंगाची मेट्रो, लेओपोल्डाउच्या दिशेची. तिसरं स्टेशन काइझरम्यूलेन. बाहेर पडलात की एका बाजूला संयुक्त राष्ट्रांच्या वळणदार इमारती आणि चार पावलांवर ऑस्ट्रिया सेंटर, जिथं २००५ पासून ही परिषद भरते. हॉटेल महाग वाटलं तर याच यू-१ मार्गावर थोडं लांबचं पाहा. गाड्या इतक्या वेळेवर आणि भराभर येतात की लांब राहिल्याचा त्रास होत नाही.

तिकिटाचं मात्र नीट ऐका. मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. कागदी तिकीट यंत्रातून घेतलं की त्यावर बहुतेक वेळा वेळ नोंदलेली नसते. फलाटाकडे जाताना कमरेइतक्या उंचीवर एक लहानशी निळी पेटी असते. तिच्या फटीत तिकीट बाणाच्या बाजूनं सरकवायचं, खट् असा आवाज येतो आणि तारीख-वेळ उमटते. त्या क्षणापासून तिकीट सुरू. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवसांचं पूर्ण पैशांचं तिकीट जवळ होतं, पण कोरं. साध्या कपड्यातल्या तपासनिसानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि मान हलवली. मला जर्मन येत नव्हतं, डब्यातले लोक बघत होते. दंड भरला. आता तो शंभर युरोच्या वर आहे. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला ही भानगड नाही. आणि विमानतळ शहराच्या मूळ पट्ट्याबाहेर आहे, त्यामुळे शहराच्या तिकिटावर तिथवर जाता येत नाही. तेवढ्या टप्प्याचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं.

परिषद सोमवारी सुरू होते, म्हणून बहुतेकजण रविवारी पोचतात, आणि रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद. सरसकट बंद. १ मे ही तिथंही सार्वजनिक सुट्टीच. मोठ्या स्टेशनांमधली किराणा दुकानं तेवढी उघडी असतात. तुमच्या वाटेवरच्या प्राटरश्टेर्नला असं दुकान आहे, तिथंच दूध, फळं, पाव घेऊन टाका. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, दुसरी १९१० साली. हॉटेलच्या न्हाणीघरातल्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन बघा, आपल्याकडच्या कातळातल्या झऱ्याची आठवण येईल.

जेवणात फसायला होतं ते सूपमध्ये. वर भाज्या किंवा धिरड्याच्या पट्ट्या तरंगताना दिसतात, पण खालचं पाणी बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. ‘व्हेगेटारिश?’ एवढा एक शब्द विचारायचा, मग सूप असो की बटाट्याची भाजी. बटाट्यातही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. चीज घातलेले श्पेट्स्ले (मऊ, जाडसर शेवयांसारखे), फलाफल, पिझ्झा, सफरचंदाचा स्ट्रुडल यांवर आठवडा सहज निघतो. बरोबर थालीपिठाची भाजणी नेऊ नका, खोलीत चूल नसते. मेतकूट, दाण्याची चटणी, भडंग आणि पाकिटातले झटपट पोहे न्या. गरम पाण्याची किटली खोलीत आहे का ते बुकिंग करताना विचारा.

पैशांचं थोडक्यात: फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) घ्या, दोनेकशे युरो रोख ठेवा, आणि आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी वापर स्वतः चालू करून घ्या, तो आपोआप चालू नसतो. तिथल्या यंत्रानं ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा भाव ते स्वतःच्या सोयीनं लावतात. चार्जर दोन गोल पिनांचा असेल तर चालतो, आपला तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. अडचण आली तर ११२. एप्रिलमध्ये डॅन्यूब नदीवरून वारं येतं, स्वेटरवर एक वाराबंद जाकीट हवंच.

पोस्टर कागदावर छापून नळकांडीत नेण्याऐवजी कापडावर छापून घ्या. साडीसारखी घडी घालून हातातल्या बॅगेत बसतं, सामान हरवलं तरी पोस्टर हरवत नाही. आडवं की उभं, आणि माप किती, ते परिषदेच्या सूचनांत वाचूनच छापायला द्या. कोयनेच्या बेसॉल्टचा एखादा तुकडा न्यायचा असेल तर धुऊन, माती पूर्ण काढून, मोठ्या बॅगेत ठेवा. माती युरोपात नेता येत नाही आणि हातातल्या बॅगेत दगड ठेवू देतील याचा भरवसा नाही. तुकडा मात्र न्याच. लोक आलेख बघून पुढे जातात, पण दगड हातात दिला की थांबतात आणि विचारतात, हा कुठला? तिथून बोलणं सुरू होतं. नेमून दिलेल्या वेळात पोस्टरपाशीच उभ्या राहा, चहालाही जाऊ नका. माझ्या सगळ्यात चांगल्या ओळखी त्या दोन तासांत झाल्या आहेत.

प्रश्न : परिषद व्हिएन्नात चार दिवस, त्यानंतर पॅरिसमध्ये बहिणीकडे सात दिवस राहायचं आहे. व्हिसा कुणाचा मागू? — अ. दे., नाशिक

नियम असा की जिथं मुख्य मुक्काम, तिथं अर्ज. मुख्य म्हणजे दिवसांनी किंवा हेतूनं. तुमचे दिवस पॅरिसमध्ये जास्त आहेत, त्यामुळे फ्रान्सकडे अर्ज करणं सरळ. दोन्ही कामांचे कागद जोडा: परिषदेचं निमंत्रण आणि बहिणीकडचं राहण्याचं अधिकृत पत्र, जे तिला तिथल्या नगरपालिकेतून आधीच घ्यावं लागेल. परिषदेच्या नावानं ऑस्ट्रियाचा व्हिसा काढून निम्म्याहून जास्त दिवस दुसरीकडे काढायचे, असा सल्ला एजंट सर्रास देतात. तो मानू नका. पुढच्या अर्जाच्या वेळी हे जुनं बाड उघडतं. उलट दोन व्हिसा नीट वापरले तर भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. एप्रिल २०२४ पासून ही सोय आहे.

प्रश्न : तिथल्या प्राध्यापकांसाठी रत्नागिरीच्या हापूसची डझनाची पेटी आणि घरचे पेढे न्यायचे आहेत. चालतील ना? — वि. जो., चिपळूण

पेढे नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि त्यात खवा, तूप, चक्का सगळं आलं. आंब्यासाठी वनस्पती आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. मे २०१४ मध्ये फळमाशी सापडल्यामुळे युरोपनं भारतीय आंब्यावर बंदीच घातली होती, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. तेव्हापासून ते या बाबतीत फार कडक आहेत. पेटी विमानतळावर काढून घेतील आणि तुमच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकतील. हापूसचं तसं झालेलं बघवत नाही. आमरसाचा कारखान्यात सीलबंद केलेला डबा मोठ्या बॅगेतून न्या, कापडात गुंडाळून. काजूगर आणि कोकम सरबतही चालेल. नारळ चालतो, त्याला प्रमाणपत्र लागत नाही, पण तो फोडायचा कशावर, याचा विचार इथूनच करून जा.