रेडिओवरचा ‘ग्रँड ऑपेरा’: भव्य संगीत नाटक म्हणावं का?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे. २५ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमधला ग्रँड ऑपेरा रेडिओवर लाइव्ह ऐकवला गेला, याला ‘भव्य संगीत नाटकाचं थेट प्रक्षेपण’ म्हटलं तर चालेल का?

‘थेट’ ठेवा. बाकीचं बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ‘भव्य’. ग्रँड ऑपेरा हे एका प्रकाराचं नाव आहे. १८३०च्या आसपास तो पॅरिसमध्ये आकाराला आला: चार-पाच अंक, बहुधा इतिहासातलं कथानक, मोठा गायकवृंद, मध्ये बॅले आणि सुरांवाचून एकही वाक्य नाही. संगीतकार मायरबेअरचा ‘ले ह्युगनो’ (१८३६) हा त्याचा ठळक नमुना. पुढे हे नाव सैल झालं आणि अथपासून इतिपर्यंत गायल्या जाणाऱ्या कुठल्याही गंभीर ऑपेराला लागू लागलं. त्या नाताळात तर संगीतकार हुंपरडिंकचा ‘हेन्सेल उंड ग्रेटेल’ होता, म्हणजे जर्मन परीकथा. तेव्हा इथे नुसतं ‘ऑपेरा’ लिहावं.

‘संगीत नाटक’ मला अजिबात पटत नाही. १८८०च्या ‘संगीत शाकुंतल’पासून आपल्या कानांना सवय आहे ती गद्य संवाद, मग पद, वन्स मोअर आला तर तेच पद पुन्हा, आणि परत गद्य अशा चालीची. ऑपेरात निरोप, भांडण, चौकशी सगळं सुरातच चालतं. (‘कार्मेन’ या ऑपेरात मुळात गद्य संवाद होते, पण पॅरिसकर त्याला ग्रँड ऑपेरा म्हणत नसत.) ‘संगीतिका’ हा गोड शब्द आकाशवाणीने रुळवला, पण तो ऐकला की स्टुडिओत बसवलेली छोटी रचना डोळ्यांसमोर येते. नाट्यगृहात चाललेल्या पूर्ण प्रयोगाला तो तोकडा पडतो.

‘प्रक्षेपण’ चूक नाही. पण ते टीव्हीला आणि उपग्रहाला जास्त चिकटलंय, म्हणून रेडिओसाठी मी ‘थेट प्रसारण’ लिहीन. एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून एकाच वेळी जात असेल, तर आकाशवाणीचे निवेदक ‘सहक्षेपित’ म्हणतात. हा ऑपेरा ऐकवणाऱ्या एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या साखळीतल्या केंद्रांसाठी हा शब्द चपखल आहे, जरूर वापरा.

आणखी एक जागा जपायला हवी. त्या प्रसारणात दोन माणसं बोलत होती. मिल्टन क्रॉस पडदा वर जाण्याआधी आणि मध्यंतरात कथानक, नेपथ्य, पोशाख सांगायचा. १९७५मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हे काम केलं. दुसरा डीम्स टेलर. तो गाणं चालू असतानाच खुलासे करत राहिला आणि श्रोते चिडले, तक्रारी आल्या. मला त्या श्रोत्यांचं पूर्ण पटतं, कारण क्रिकेटला धावतं वर्णन लागतं, पण तान चालू असताना कुणी बोलूच नये. मूळ मजकुरात दोघांचीही नावं असतील तर क्रॉसला ‘निवेदक’ म्हणा आणि टेलरला ‘समालोचक’.