शंका-समाधान : अलास्कातली कावीळ आणि बाळाचा पहिला दिवस

प्रश्न : माझी सून आठव्या महिन्यात आहे. तिच्या रक्ततपासणीत 'हेपटायटिस बी' निघाला आहे. तिला त्रास मात्र कसलाच नाही. माझा भाचा म्हणतो की, उत्तर ध्रुवाजवळ अलास्कात याच विषाणूमुळे शाळकरी मुलांना यकृताचा कर्करोग होत असे. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे तिकडच्या थंडीमुळे होत असे, की त्या लोकांच्या रक्तातच काही होते? आमच्या मोठ्या जाऊबाईंचे म्हणणे असे की, पाचवी पुजल्याशिवाय बाळाच्या अंगाला सुई लावायची नाही. मी काय करावे? सुनेने बाळाला अंगावर पाजावे का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या भाच्याने सांगितले ते खरे आहे, पण त्याने हकीकत अर्ध्यावर सोडली आहे आणि आपल्याला धीर देणारा भाग नेमका उरलेल्या अर्ध्यात आहे.

अमेरिकेच्या अलास्का राज्यात, नैर्ऋत्य भागात, नद्यांच्या मुखांशी युपिक लोकांची लहान लहान गावे आहेत. (या लोकांना 'एस्किमो' म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु युपिक, आणि उत्तरेकडील त्यांच्या भाऊबंदांचे इन्युइट, ही त्यांची स्वतःची नावे असल्याने तीच वापरावीत.) या गावांत हेपटायटिस बी घरोघर होता. तो आईकडून बाळाला मिळे आणि एका मुलाकडून दुसऱ्या मुलालाही लागे. १९७०च्या दशकात संशोधकांनी अशा दोन दुर्गम गावांत तपासणी केली, तेव्हा मुलांच्या अंगावरील वाहत्या फोडांत, त्यांच्या लाळेत, इतकेच नव्हे तर घरातल्या आणि शाळेतल्या पृष्ठभागांवरही या विषाणूच्या खुणा मिळाल्या. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच खोलीत दाटीवाटीने हिवाळा काढणाऱ्या मुलांना तो कसा लागत असेल, याची कल्पना येते.

आता मुख्य मुद्दा वयाचा. धडधाकट प्रौढाला हा विषाणू लागला, तर काहींना काविळीचा झटका येतो, काहींना कळतही नाही, पण बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावते. शंभरांतल्या पाचांपेक्षाही कमी जणांत तो कायमचा राहतो. झटका मात्र जिवावर बेतू शकतो. २००९ साली आपल्याच गुजरातेत, मोडासा भागात, वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने पसरलेल्या साथीत कित्येकांचा बळी गेला, हे आपल्याला आठवत असेल. नवजात बाळाचे याच्या अगदी उलट असते. त्याला ताप येत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, ते दूध पिते, वजन धरते. परंतु त्याची कोवळी प्रतिकारशक्ती विषाणूला परका म्हणून ओळखत नाही आणि अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षे यकृताच्या पेशी मरत आणि नव्या होत राहतात, विषाणूचे जनुकीय तुकडे पेशींच्या गुणसूत्रांत शिरतात आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. आपल्या सुनेला आज काही त्रास नाही, याचा उलगडाही यातच असण्याचा संभव आहे. तिलाही तो कदाचित बालपणीच लागला असावा.

थंडीचा आणि रक्ताचा प्रश्न अलास्कानेच सोडवला आहे. १९८१ मध्ये तेथील पंधरा गावांत दीड हजारांहून अधिक लोकांना नवी लस देऊन पाहण्यात आली. त्यानंतर १९८३च्या सुमारास राज्यभर मोहीम सुरू झाली : ५० हजारांहून अधिक मूलनिवासींचे रक्त तपासले गेले, ज्यांना लागण नव्हती त्यांना लस दिली गेली आणि प्रत्येक नवजात बाळाला ती जन्मतःच टोचली जाऊ लागली. १९८४ ते १९८८ या काळात तेथील वीस वर्षांखालील मूलनिवासींमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाखी तीन होते. १९९५ ते १९९९ या काळात ते शून्यावर आले आणि पुढील दशकभरातही त्या वयात एकही नवा रुग्ण आढळला नाही. याच वयोगटात विषाणू अंगात बाळगणारी मुले १९८७ मध्ये ६५७ होती. २००८ मध्ये ती दोन उरली. एवढ्या वर्षांत तेथील कडाक्याची थंडी काही गेली नाही आणि माणसेही तीच, त्याच आईबापांची होती. फरक पडला तो जन्मानंतरच्या पहिल्या टोचणीने.

विषाणूच्या वाणाचाही यात वाटा असतो, हे सांगायला हवे. अलास्कात आढळणारा 'एफ' प्रकार तरुण वयातच कर्करोग घडवतो, असे तेथील डॉक्टरांना दिसले. उलट ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांत विषाणू बराच पसरलेला असूनही यकृताचा कर्करोग त्या मानाने कमी आढळला. तेथे वाण वेगळा आहे. भारतात प्रामुख्याने 'डी' आणि 'ए' हे प्रकार आढळतात. म्हणून आपण गाफील राहावे असे नाही, कारण तेही यकृत खराब करतात आणि कर्करोगापर्यंत नेऊ शकतात.

आता आपल्या घराविषयी. पाचवी श्रद्धेने पुजावी, परंतु सुई तोवर थांबवू नये, असे मी आपल्याला अगदी कळकळीने सांगतो. लसीचा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत, शक्यतो १२ तासांतच, बाळाच्या मांडीत द्यायचा असतो. तो असतो अवघा अर्धा मिलिलीटर. आई बाधित असल्यामुळे दुसऱ्या मांडीत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचे, इंजेक्शनही १२ तासांच्या आत द्यावे लागते. ते महाग असते आणि प्रत्येक प्रसूतिगृहात शिल्लक असतेच असे नाही. शनिवारी रात्री बाळ जन्मले आणि सोमवारी दुकाने उघडेपर्यंत इंजेक्शन मिळाले नाही, अशी हळहळ मी एका कुटुंबात पाहिली आहे. तेव्हा ते आठवडाभर आधीच आणवून ठेवावे. सुनेच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण याच आठवड्यात मोजून घ्यावे. ते जास्त असेल, तर बाळंतपणाआधी घ्यायची गोळी डॉक्टर देतात; तिच्यामुळे बाळाला लागण होण्याची शक्यता आणखी घटते. जन्मानंतर बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे लसीचे डोस चुकवू नयेत, आपल्या ममता कार्डावर त्यांची नोंद होईलच. बाळ नऊ ते बारा महिन्यांचे झाले की त्याचे रक्त तपासावे. टोचण्या लागू पडल्या की नाही, हे तेव्हाच नक्की कळते.

सुनेने बाळाला अवश्य अंगावर पाजावे. तिचे ताट-वाटी वेगळे काढू नये, कारण हा विषाणू एकत्र जेवण्याने पसरत नाही. फक्त ब्लेड आणि दातांचा ब्रश ज्याचा त्याचा असावा. आपल्या मुलाची आणि घरातील इतरांचीही तपासणी करून, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी. सुनेच्या यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. अलास्कातल्या बाधितांचीही वर्षातून दोनदा रक्ततपासणी करत, म्हणून अनेकांच्या गाठी लहान असतानाच सापडल्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या आजाराची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

प्रश्न : इन्युइट लोकांत नाकामागील घशाचा कर्करोगही एका विषाणूमुळे अधिक होतो, असे वाचले. तो विषाणू आपल्यातही असतो का? त्याची लस आहे का?
— एक शिक्षक, रावपुरा, बडोदे

उत्तर : हा १९६४ साली सापडलेला एप्स्टाईन-बार विषाणू होय. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. आपल्याकडे तो बहुधा बालपणीच लाळेतून लागतो आणि जन्मभर निपचित राहतो. त्यामुळे केवळ त्याच्या असण्याने कर्करोग होत नाही. आनुवंशिक घडण आणि लहानपणापासून खाल्लेले खारवलेले वा वाळवलेले मासे यांची जोड मिळाली की धोका वाढतो, असे मानले जाते. ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्का येथील इन्युइट तसेच दक्षिण चीनमधील लोक यांच्याप्रमाणेच आपल्या नागालँडमध्येही हा कर्करोग बराच आढळतो. तेथे धुरावलेल्या मांसाकडे बोट दाखवले जाते. गुजरात-महाराष्ट्रात तो विरळा आहे. या विषाणूवर अद्याप लस नाही. मानेत न दुखणारी गाठ, एकाच कानाला दडे बसणे किंवा नाकातून वरचेवर रक्त येणे, असे काही दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे.