गोव्यात एप्रिल-मेमधल्या गडगडाटी पावसाचा अंदाज कोणत्या अ‍ॅपवर बरोबर मिळतो? की ते सगळं भविष्य सांगण्यासारखंच?

कुठल्याच अ‍ॅपवर नाही. म्हणजे तुम्हाला हवा तसा, "पर्वरी, संध्याकाळी सहा, ८० टक्के" असा नेमका अंदाज आज मिळत नाही. तुम्ही लिहिलंय की पणजीजवळ पर्वरीत नवीन राहायला आलात, गच्चीवरून विजांचे फोटो काढायचे आहेत, अ‍ॅप रोज ढग आणि वीज दाखवतं आणि आभाळ कोरडंच राहतं. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण शेवटी "भविष्य सांगण्यासारखंच" म्हणालात ना, ते वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीची. जवळच वाघेरीचा डोंगर, वर चोर्ला घाट, घाटापलीकडे कणकुंबी, जांबोटी आणि मग बेळगावचं पठार. वळिवाचे ढग आमच्याकडे तिकडूनच येतात. गोव्यात नव्याने आलेली माणसं समुद्राकडे तोंड करून पावसाची वाट बघतात. एप्रिल-मेमध्ये ते चूक. पूर्वेकडे बघा.

सकाळपासून पठार तापत असतं. अकरा-बाराच्या सुमारास किनाऱ्यावर समुद्राचा वारा सुटतो आणि दुपारपर्यंत आत सरकत घाटाच्या पायथ्याशी येतो. पठारावरून कोरडा पूर्वेचा वारा येत असतो. दोघांची गाठ घाटावर पडते आणि दमट हवेला वर चढण्याशिवाय वाट उरत नाही. विदर्भापासून खाली कर्नाटक-केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा पसरलेला असेल तर हे आणखी जोरात होतं, म्हणून हवामान खात्याच्या पत्रकात तो पट्टा आला की मी कान टवकारते. चारच्या सुमारास ढग उभे राहतात, वरचा वारा पूर्वेचा असेल तर ते सत्तरी, धारबांदोडा, सांगे या बाजूला उतरतात. पणजी-पर्वरीला पोचेपर्यंत त्यांचा दम बहुतेक वेळा सरलेला असतो, कारण किनाऱ्यावरची हवा समुद्राच्या वाऱ्याने गारठलेली असते आणि ऊनही उतरलेलं असतं. त्यामुळे तुमच्या गच्चीवर पाऊस पडत नाही, फक्त डिचोली-साखळीच्या बाजूला लखलखाट दिसतो. फोटोसाठी ते उत्तमच आहे, तक्रार कसली?

आता अ‍ॅपचं. विंडी या अ‍ॅपवर हवेचं गणित मांडणारं जे युरोपीय संगणकी मॉडेल दिसतं, त्याच्या नकाशाची एक चौकट साधारण ९ किलोमीटरची असते. गडगडाटी ढगाचा गाभा त्याहून लहान असू शकतो आणि एका ढगाचं आयुष्य अर्धा-पाऊण तासाचं. म्हणजे मॉडेलला तो ढग दिसतच नाही, "इथल्या हवेत असे ढग होऊ शकतात" एवढंच ते हिशेबाने ठरवतं. त्या हिशेबावर कोणीतरी तासातासाचं चित्र आणि टक्के चिकटवतं आणि लोक त्यावर कपडे वाळत घालतात. वळिवासाठी ही टक्केवारी निरुपयोगी आहे, हे माझं स्पष्ट मत.

त्यापेक्षा विंडीवरच ३ किलोमीटर आणि साडेपाच किलोमीटर उंचीवरचा वारा बघा. पूर्वेचा किंवा ईशान्येचा असेल तर ढग आपल्याकडे, पश्चिमेचा असेल तर घाटावर झालेला ढग बेळगावकडेच परत जाणार. मग सकाळचा फुगा. पणजीहून हवामान खातं पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी वरच्या हवेची उष्णता, ओल आणि वारा मोजणारा फुगा सोडतं आणि त्याची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ४३१९२ या स्थानक क्रमांकाखाली कोणालाही बघता येते. नवखे त्यातला केपचा, म्हणजे ढग वर उसळवायला हवेत किती ऊर्जा आहे त्याचा, मोठा आकडा बघून उड्या मारतात. मेमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की तो आकडा कित्येक दिवस मोठाच असतो आणि तरी काही घडत नाही. कारण वर दीड-दोन किलोमीटरवर कोरड्या गरम हवेचा थर पेजेच्या तोपावरच्या झाकणासारखा बसलेला असतो. बघायचं ते हे झाकण किती जड आहे. दुपारच्या उन्हाने ते उचललं जाईल असं वाटलं, तर त्या दिवशी मी तीनच्या आत कामं आटोपते.

तीननंतर अंदाज संपतो आणि पाळत सुरू होते. पणजीला आल्तिनोवर हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे, त्याची चित्रं संकेतस्थळावर येत राहतात. जोडीला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप, ज्यावर नुकत्याच पडलेल्या विजा नकाशावर दिसतात. या दोघांवर मिळून तास-दीड तासाचं सांगता येतं, आणि ते मी छातीठोकपणे सांगते. ते भविष्य आहे का, हे आता तुम्हीच ठरवा.

माझ्या चुलत बहिणीचं लग्न मेमध्ये होतं. काकांच्या अंगणात मांडव: लोखंडी पाइप, वर ताडपत्री, खाली झालर, खुर्च्यांच्या रांगा. लग्न दुपारी लागलं, संध्याकाळी गावजेवण. सकाळी मी फुग्याची नोंद बघितली होती, झाकण हलकं होतं, वरचा वारा पूर्वेचा. दुपारी पंगती उठेपर्यंत वाघेरीच्या मागे पांढरे मनोरे उभे राहिले होते. साडेतीनला रडारवर जांबोटीच्या आसपास लाल ठिपका आला. पुढच्या चित्रात तो मोठा झाला, त्याच्या पुढच्यात कणकुंबीकडे सरकला. कणकुंबी म्हणजे घाटाचा माथा, आणि माथ्याखाली आम्ही.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, साडेपाचच्या आत वादळ येईल, पंगत देवळाच्या सभामंडपात हलवूया. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर. काका म्हणाले, सकाळी पेपरात वाचलंय मी, "तुरळक ठिकाणी" आहे, आपल्याकडे नाही. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही. चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "पोरी, भविष्य सांगणं बंद कर आणि लोकांना सरबत दे."

मी सरबत दिलं. पण देता देता आचाऱ्याला सांगितलं, आत्याला सांगितलं आणि मांडववाल्या मुलाला सांगितलं. आचाऱ्याने एक शब्द विचारला नाही. खतखत्याचं आणि मणगण्याचं पातेलं उचलून मागच्या पडवीत नेलं, भाताच्या चुलीतला विस्तव मागे ओढला. उघड्यावर रांधणारा माणूस आभाळाला मान देतो. मांडववाल्या मुलाने पंखे उतरवले, बाहेरच्या दिव्यांची वायर काढली, पूर्वेच्या बाजूचे दोर पुन्हा आवळले. आत्याने काय केलं तर "आत या, ओटी भरायची आहे" म्हणून म्हाताऱ्या बायका आणि पोरांना घरात बोलावलं. तशी ओटी भरायची नव्हतीच. तिचं डोकं असंच चालतं आणि तिच्याइतकं चटकन माझं ऐकणारं घरात कोणी नाही.

सव्वापाचला वारा पडला. दुपारभर हलणारी झालर एकदम सरळ लोंबली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अ‍ॅपवर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही: समुद्राचा वारा असा अचानक थांबला आणि पूर्वेला काळोख असला, तर हातात मिनिटं उरलेली असतात. मग घाटाकडून गार झोत आला, ओल्या मातीच्या वासाचा, आणि त्याच्या पाठोपाठ सोसाटा. ताडपत्री फुगून वर गेली, एका बाजूचे पाइप उपटले आणि खुर्च्यांच्या मधल्या रांगांवर पडले. त्या रांगांत दहा मिनिटांपूर्वी बायका-पोरं बसलेली होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. जेवण झालं, सभामंडपातच झालं, गरम झालं.

आणि पाऊस? टपोरे चार थेंब. सगळी सर वाळपईच्या बाजूला कोसळली.

तेव्हापासून आजपर्यंत, घरात कुठलंही कार्य असो, मी आभाळाकडे बघितलं की काका म्हणतात, "पावस खंय आयिल्लो? वारें आयिल्लें!" आणि सगळे हसतात. म्हणजे पाइप पडले ते मान्य, वारा आला तो मान्य, पण पाऊस आला नाही म्हणून माझा अंदाज चुकला. मी पाऊस म्हटलंच नव्हतं. वादळ म्हटलं होतं.

काकांसारखी समजूत तुमचीही दिसते, म्हणून नीट सांगते. "मेघगर्जनेसह पाऊस" यातला पाऊस हा एप्रिल-मेमध्ये सर्वांत कमी भरवशाचा भाग आहे. ढगाच्या तळाखालची हवा पठारावर कोरडी असते. पडणारा पाऊस त्या हवेत वाटेतच सुकतो, सुकताना हवा गार करतो, गार हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना धावते. तो सोसाटा पावसाच्या सरीच्या कितीतरी किलोमीटर पुढे पोचतो. तुमच्या अंगणात थेंब न पडता मांडव पडू शकतो, आंबे झडू शकतात, माड विजेच्या तारांवर येऊ शकतो. हवामान खात्याच्या पत्रकात विजा आणि "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा" असं लिहिलेलं असतं, ते जागा भरायला नसतं. लोक पाऊस तेवढा वाचतात.

"तुरळक ठिकाणी" याचंही तसंच. खात्याच्या मोजणीत त्याचा अर्थ त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. चारातलं एक ठिकाण केरी असू शकतं, त्यात "आपल्याकडे नाही" कुठेच लिहिलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पर्जन्यमापकं वाचली जातात, कोणाचं बरोबर आलं, कोणाचं नाही, ते कागदावर राहतं. भविष्यवाल्याच्या बोलण्याची अशी रोजची मोजणी कोण करतं? मी वेळ सांगते, दिशा सांगते, चुकले तर सगळ्या गावाला दिसतं.

काही गोष्टी राहिल्या. वर जे सांगितलं ते एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंतचं. मान्सून जवळ आला की पश्चिमेचा वारा उंचीपर्यंत भरतो आणि सरी समुद्रावरून येतात, रात्री-पहाटेही येतात; तेव्हा पूर्वेकडे बघत बसू नका. गोव्यात मान्सूनची सरासरी तारीख ५ जून, पण २०२५ साली तो २४ मेलाच केरळात पोचला होता, म्हणजे तिथल्या नेहमीच्या तारखेपेक्षा आठ दिवस आधी. वळिवाचे शेवटचे चांगले दिवस त्या वर्षी गेलेच. अरबी समुद्रात चक्रीवादळ असेल तेव्हाही यातलं काही लागू नाही. मे २०२१ मधल्या तौक्तेची तुलना वळिवाशी करू नका. आणि टक्केवारीवाली अ‍ॅप्स जुलैमध्ये बरी चालतात, तेवढं त्यांचं श्रेय त्यांना.

फोटोंचं सर्वांत महत्त्वाचं. गच्चीवर उभे राहू नका. पर्वरीचं पठार उघडं आहे आणि तुम्ही हातात धातूचा ट्रायपॉड धरून सर्वांत उंच जागी असणार. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पावसाची सर दूर असली तरी वीज दूर आहे असं समजू नका. रबरी चपलांचा काही उपयोग नाही, आंब्याखाली तर मुळीच थांबायचं नाही. बंद काचांची गाडी चालते. पूर्वेची खिडकी असेल तर कॅमेरा तिच्या आत लावा, फोटो तितकेच चांगले येतील.

आणि एक वही करा. वारा कधी पडला, कुठून फिरला, पहिली वीज कधी दिसली, सोसाटा कधी आला, पाऊस आला की नाही, सगळं वेळेसकट. दोन मोसम लिहिलंत की अ‍ॅप विचारणार नाही. माझी वही मी धाकट्या चुलत भावाच्या लग्नात काकांसमोर ठेवणार आहे. त्याचंही मेमध्येच ठरलंय. पंगत या वेळी पहिल्यापासून सभामंडपात आहे, आत्याने तसं देवस्थानच्या लोकांशी बोलूनसुद्धा ठेवलंय.