बास्केटबॉलच्या एका मॅचमध्ये संघाने किती थ्री मारावेत?

प्रश्नासोबत दिलेला तपशील असा: पुण्यातल्या ज्युनियर कॉलेजचा मुलांचा संघ. सर म्हणतात, मॅचमध्ये दहाच्या वर थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन गुणांसाठी मारलेले शॉट, नकोत, थ्री म्हणजे जुगार. पोरं म्हणतात, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, चाळीस चाळीस मारतात, मग आपण वीस-पंचवीस का नको? बरोबर कोण?

दोघंही चुकतायत. सर जरा कमी चुकतायत, पण त्यांनी दिलेलं कारण काही पटत नाही.

मी नव्वदच्या दशकात डेक्कनच्या बाजूला खेळायचो. आता आठवड्यातून चार संध्याकाळी पोरांना शिकवतो, म्हणजे मुख्यतः ओरडतो. आमच्या वेळी थ्री गेला तर सर गप्प बसायचे आणि चुकला तर आम्ही बाकावर बसायचो. त्यात त्यांचा फार दोष नव्हता. एनबीएत ही रेषा आली 1979 साली. 12 ऑक्टोबरला बोस्टनच्या ख्रिस फोर्डने तिथला पहिला थ्री टाकला, आणि त्या सबंध मोसमात एक संघ मॅचला सरासरी तीनसुद्धा थ्री मारत नव्हता. फिबाने, म्हणजे आपण ज्यांचे नियम पाळतो त्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, रेषा घेतली 1984 साली. आमच्या सरांनी स्वतः रेषेशिवाय बास्केटबॉल खेळलेला. त्यांना ती सर्कसच वाटणार.

आता पोरांची बाजू. एनबीएत 2011-12 च्या मोसमात एक संघ मॅचला साधारण 18 थ्री मारायचा, गेलेले आणि चुकलेले धरून, 2023-24 मध्ये 35. बोस्टन सेल्टिक्सने 2024-25 मध्ये सरासरी 48 मारले. तिथली मॅच 48 मिनिटांची असते, म्हणजे मिनिटाला एक. यातली खरी गंमत टक्केवारीत आहे. शॉट जवळपास दुप्पट झाले, तरी आत जाण्याचं प्रमाण 35-36 टक्क्यांच्या आसपासच राहिलं. जास्त मारले की जास्त चुकतील, हा साधा अंदाज तिथे खोटा ठरला. कारण ते थ्री कुणीतरी आत घुसून, दोन डिफेंडर अंगावर ओढून घेऊन, मोकळ्या माणसाला दिलेल्या पासवर येतात. तुमची पोरं मोबाइलवर पाहतात ती क्लिप शेवटच्या दोन सेकंदांची. आधीची दहा सेकंदं कुणी शेअर करत नाही.

हिशोब चौथीतला आहे. 35 टक्के थ्री गेले, तर एका शॉटमागे 1.05 गुण. 50 टक्के टू, म्हणजे रेषेच्या आतले दोन गुणांचे शॉट, गेले, तर 1 गुण. म्हणजे तीनात एक थ्री आणि दोनात एक टू यांची किंमत सारखी. यावरून लोक लगेच म्हणतात, चला, आपले 33 टक्के जातात का ते बघू. इथेच गाडी घसरते. थ्रीची तुलना "टू"शी करायची नसते, कारण टू नावाचा एक शॉट नसतोच. रिंगखाली जाऊन अलगद टाकलेला लेअप वेगळा आणि फ्री थ्रो लाइनच्या पुढेमागे ड्रिबल थांबवून मारलेला जंप शॉट वेगळा.

गेल्या वर्षी आम्ही एक साधी दोनशे पानी वही केली. बाकावरचा एक मुलगा प्रत्येक मॅचला चार रकाने भरायचा: रिंगखाली, मधला पट्टा, कोपऱ्यातला थ्री, बाकीचे थ्री. मोसम संपल्यावर बेरीज केली, तर रिंगखालचे जवळपास निम्मे आत गेलेले, थ्री चारात एक आणि मधल्या पट्ट्यातले दहात तीन. गुणांत मांडलं तर रिंगखाली शॉटमागे 1, थ्रीला 0.75 आणि मधल्या पट्ट्याला 0.6. आमचा नेम बेताचा आहे हे मान्य. पण सगळ्यात वाईट शॉट थ्री नव्हताच. मी ज्याला "बरा शॉट होता रे" म्हणून टाळी द्यायचो, तो मधला जंप शॉट सगळ्यात महाग पडत होता. त्यातही रेषेवर पाय ठेवून मारलेला शॉट म्हणजे कहर. लांबी थ्रीची आणि गुण दोन.

म्हणून तुमच्या सरांचा दहाचा नियम अर्धवट आहे. अकरावा थ्री मारायचा नाही, तर त्याऐवजी काय करायचं, हे तो नियम सांगत नाही. पोरगं जर एक पाऊल पुढे येऊन तोच शॉट दोन गुणांसाठी मारणार असेल, तर थ्री परवडला. आत घुसणार असेल, तर सर बरोबर.

आत घुसण्याची खरी किंमत वहीतल्या रकान्यात पूर्ण दिसतही नाही, कारण फाऊल राहून जातात. या वयाची पोरं डिफेन्स पायांनी करत नाहीत, हातांनी करतात. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले, की पाचव्यापासून प्रत्येक डिफेन्सिव्ह फाऊलला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेक गुणाचे शॉट. तुमच्या मुलांचे निम्मे फ्री थ्रो जात असले, तरी एका खेपेला सरासरी एक गुण झाला. शिवाय समोरचा रिंगखाली खेळणारा चांगला सेंटर पाच फाऊल होऊन बाहेर जातो तो वेगळाच. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे चार फाऊल झालेत आणि आपली पोरं मजेत बाहेरून थ्री मारतायत, हे दृश्य पाहून मी दोनदा टाइमआउट घेतलाय. दोन्ही वेळा काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चुकलेल्या थ्रीची दुसरी बाजूही बघा. लांबून मारलेला बॉल रिंगवर आपटून लांबच उडतो. तुमचे सगळे आत रिबाउंडला, म्हणजे उडालेला बॉल पकडायला, गर्दी करून उभे असतील, तर बॉल त्यांच्या गार्डच्या हातात आणि समोर मोकळं मैदान. त्यामुळे आमच्याकडे थ्री सुटला की दोघं मागे पळतात, बॉल कुठेही जावो. तेवढं एक शिकवलं, तर थ्रीचा खर्च बराच कमी होतो.

आता जुगार या शब्दाबद्दल. तो शब्द मला आवडत नाही, पण त्यात तथ्य आहे आणि ते सरांच्या म्हणण्यापेक्षा कामाचं आहे. समजा, एखादा संघ 30 थ्री मारतो आणि तीनात एक जातो. सरासरी 10 जातील. पण एखाद्या दिवशी 7 आणि एखाद्या दिवशी 13 जाणं हे अगदी रोजचं, त्यात कुणाचं काही बिघडलेलं नसतं. तेवढ्यात 18 गुणांचा फरक पडला! एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सचं 2018 मध्ये हेच झालं. त्या मोसमात ते टूपेक्षा थ्री जास्त मारत होते आणि वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलच्या, म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीच्या, सातव्या मॅचपर्यंत पोचले. त्या मॅचमध्ये 44 पैकी 7 गेले, मधले सलग 27 चुकले, आणि गोल्डन स्टेट जिंकलं. बोस्टननेही 2025 मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या पहिल्या मॅचला 60 मारून 45 चुकवले आणि ओव्हरटाइममध्ये तीन गुणांनी हरले. पण 2024 चं विजेतेपद त्याच बोस्टनने मॅचला चाळीसच्या वर थ्री मारूनच घेतलं होतं, हेही त्याच दमात सांगायला हवं.

या चढउताराचा उपयोग करून घेता येतो. समोरचा संघ तुमच्यापेक्षा सरळसरळ भारी असेल, तर जास्त थ्री मारा. सरळ खेळून दहापैकी नऊ वेळा हरणारच असाल, तर अंगात आलेला एखादा दिवस हीच तुमची संधी. आणि तुम्ही भारी असाल तर त्यांना तशी संधी का द्या? आत घुसा, फाऊल काढा, कंटाळवाणं जिंका. म्हणजे एकाच संघाचा आकडा शनिवारी 25 आणि रविवारी 10 असू शकतो.

झोन, म्हणजे माणसामागे न पळता जागा राखणारा डिफेन्स, लागला की मात्र थोडे थ्री मारावेच लागतात, जात नसले तरी. पाचही जण रिंगखाली हात वर करून उभे राहिले तर लेअप मारणार कुणावर? दोनतीन बाहेरून गेले की त्यांचा एक माणूस वर येतो आणि आतली वाट उघडते. त्या थ्रीची किंमत त्याच्या रकान्यात न दिसता लेअपच्या रकान्यात दिसते. कोपरा यासाठी उत्तम. तिथे अंतरही थोडं कमी आहे, 6.60 मीटर, बाकी कमान 6.75 ची.

आकडाच हवा असेल तर घ्या. चाळीस मिनिटांची मॅच, नेम आमच्यासारखा बेताचा, समोरचे तुल्यबळ: 12 ते 16. पण कुणी मारायचे हे आधी ठरवा. आमच्याकडे तिघांना परवानगी आहे, तीही पास घेऊन पाय जागेवर असतील तरच. ड्रिबल करत मागे सरकून मारायचा तो एनबीएतल्या स्टीफन करीचा शॉट, आणि करीने 2015-16 च्या मोसमात 402 थ्री टाकलेत, तुमच्या कॅप्टनने नाहीत.

परवानगी सरावातल्या टक्केवारीवर देऊ नका. मोकळ्या कोर्टावर दहात सहा टाकणारा मॅचमध्ये दम लागल्यावर दहात दोन टाकतो. शिवाय दहा-वीस शॉटवरून कुणाला नेमबाज ठरवूही नका. खरा 30 टक्केवाला मुलगा शंभर शॉटमध्येसुद्धा 25 किंवा 35 दाखवू शकतो. म्हणून वही अख्खा मोसम चालवा.

वही सुरू करण्याआधी मात्र एक काम करा, टेप घेऊन सरावाच्या कोर्टावर जा. आमची पोरं आमच्या कोर्टावर बरी मारायची आणि बालेवाडीला मॅच असली की प्रत्येक थ्री रिंगच्या पुढच्या कडेवर आपटायचा. मी दोन वर्षं त्यांना "घाबरता काय?" म्हणत होतो. एका पावसाळ्यात कोर्ट ओलं म्हणून सराव बंद होता, तेव्हा सहज टेप लावली. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत 6.75 मीटर भरायला हवं होतं, भरलं 6.25. फिबाने 2010 मध्ये रेषा अर्धा मीटर मागे नेली होती आणि आमचा पेंटर दरवर्षी इमानदारीने जुन्याच रेषेवर रंग देत होता. मी पोरांची माफी मागितली नाही, चहा पाजला. वही मात्र कोरी घ्यावी लागली.