तांब्याच्या प्लाझ्माचं तापमान रोज वेगळं येत असेल तर

तुम्ही लिहिलंय की १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर, तांब्याचा पत्रा, त्यावर लेझरने पेटवलेला प्लाझ्मा (तापून आयनित झालेला वायू) हवेतच, आणि बोल्ट्झमन प्लॉटवरून (वर्णपटातल्या रेषांची तीव्रता त्यांच्या वरच्या ऊर्जापातळीसमोर मांडून, उतारावरून तापमान काढायची पद्धत) तापमान एके दिवशी ९,००० केल्विन तर दुसऱ्या दिवशी २०,०००. शिवाय 'स्पेक्ट्रोमीटर नुकताच कॅलिब्रेट करून आणलाय'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि जुनं दुखणं ओळखलं.

प्रमाणपत्र काढा आणि नेमकं काय कॅलिब्रेट केलंय ते वाचा. बहुतेकदा पारा-आरगॉनचा दिवा लावून फक्त तरंगलांबी जुळवलेली असते. बोल्ट्झमन प्लॉटला तीव्रता लागते, आणि ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी जाळी), फायबर, फोटोकॅथोड (कॅमेऱ्याचा प्रकाश टिपणारा थर) यांची संवेदनशीलता ३२५ पासून ५८० नॅनोमीटरपर्यंत खूप बदलते. आम्हाला 'पूर्ण कॅलिब्रेशन' असा शिक्का मारून देणाऱ्या सेवाकेंद्राने तीव्रतेबद्दलच्या प्रत्येक पत्राला 'रेषा जागेवर आहेत ना?' एवढंच उत्तर दिलं. संशोधकाचे महिने खाणारा हा हलगर्जीपणा आहे, आणि याची मला अजून चीड येते.

करायचं असं. प्रमाणित टंगस्टन-हॅलोजन दिवा प्लाझ्मा जिथे पेटतो त्याच जागी ठेवा आणि त्याच भिंगातून, त्याच फायबरमधून वर्णपट घ्या. दिवा थेट फायबरला जोडू नका. साधं एकेरी भिंग ३२५ आणि ५७८ नॅनोमीटरचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटतं, त्यामुळे फायबर मिलिमीटरभर सरकला तरी रेषांचं गुणोत्तर बदलतं. रोजच्या फरकाचं कारण मला बहुधा इथेच दिसतं. भिंगाऐवजी पॅराबोलिक आरसा परवडला तर उत्तमच.

दिवा येईपर्यंत तांब्याच्या ५१०.५५ आणि ५१५.३२ नॅनोमीटर या दोनच रेषा घ्या. त्यांच्यात पाचच नॅनोमीटरचं अंतर, म्हणून संवेदनशीलता जवळपास सारखी. इलेक्ट्रॉन जिथून खाली उतरतो त्या वरच्या पातळ्यांत मात्र सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक.

३२४.७५ आणि ३२७.४० या रेषा प्लॉटमधून सरळ काढून टाका, असं माझं ठाम मत आहे. त्या थेट तळपातळीवर उतरतात, म्हणून प्लाझ्माच्या थंड कडेवरचे अणू त्यांचा प्रकाश गिळतात (यालाच स्व-शोषण म्हणतात). पडताळायचंच असेल तर ३२४.७५ आणि ५१०.५५ यांची वरची पातळी एकच आहे. स्व-शोषण नसेल तर तापमान काहीही असो, ३२४.७५ मध्ये जवळपास ७० पट फोटॉन दिसायला हवेत. तीव्रता दुरुस्त करूनही १० पटच दिसले तर दोष शोषणाचा. या पडताळणीला अतिनील भागासाठी ड्युटेरियमचा दिवाही लागेल, कारण तिथे हॅलोजनचा प्रकाश फार क्षीण असतो.

इलेक्ट्रॉन घनता हायड्रोजन-अल्फाच्या (६५६.२८) रुंदीवरून काढत असाल तर आणखी एक फसगत आहे. ३२७.४० ची दुसऱ्या क्रमाची प्रतिमा (ग्रेटिंग दुप्पट तरंगलांबीच्या जागी दाखवतं ती) ६५४.७९ ला, म्हणजे अगदी शेजारी पडते आणि रेषा एका बाजूला फुगलेली दिसते. स्लिटसमोर ५५० नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारा लाँगपास फिल्टर लावा. उपकरणाची स्वतःची रुंदी फिल्टर काढून पाऱ्याच्या ५४६.०७ वर मोजून वजा करा. दर घन सेंटीमीटरला १०चा १७वा घात इतके इलेक्ट्रॉन असतील तर हायड्रोजन-अल्फाची अर्ध्या क्षेत्रफळाची रुंदी (रेषेचं मधलं निम्मं क्षेत्रफळ जेवढ्यात मावतं ती) सुमारे १.१ नॅनोमीटर येते. अर्ध्या उंचीची रुंदी निराळी. सूत्र कोणत्या रुंदीचं आहे ते बघूनच आकडा घाला.

आयसीसीडीचा (प्रकाश वाढवून क्षणभरच उघडणारा कॅमेरा) ट्रिगर फ्लॅशलॅम्पच्या सिग्नलवरून न घेता फोटोडायोडवरून घ्या. पावसाळ्यात कॅमेरा फार थंड केलात तर खिडकीवर दव धरतं, तेव्हा कोरडा नायट्रोजन सोडा. आणि फोकस पत्र्याच्या पृष्ठभागाच्या किंचित आत ठेवा, नाहीतर वरची हवाच आधी फुटते.

हे सगळं हवेतल्या नॅनोसेकंद पल्सपुरतं. फेम्टोसेकंद लेझर असेल तर ते काम करणाऱ्यांना विचारा. गेटचा डिले आणि रुंदी (पल्सनंतर कॅमेरा किती वेळाने उघडतो आणि किती वेळ उघडा राहतो) तुम्ही लिहिलेली नाही, ती आधी सांगा.